उद्या चराले या

बाई, आज खांदशेकणी. ताकावरचं लोणी मी सकाळीच काढून ठेवलं, हळद वाटली, पळसाची पानं धुऊन सुपात पालथी घातली. तुम्ही असता तर एवढ्यात मागून येऊन म्हणाला असता, "इंदू, लोनी कमी आहे वं." दरवर्षी तुमच्या मते लोणी कमीच असायचं. यंदा कोणी म्हणालं नाही, म्हणून मीच स्वतःशी म्हणून पाहिलं आणि मग चुलीपुढे बसून रडले.

तुमचं तेरावं होऊन गेलं. घर सारवलं, पाव्हणे आपापल्या गावी गेले. लोक म्हणतात आता सुतक फिटलं. कुणाचं फिटलं ते लोकांनाच ठाऊक. तुमचं लुगडं अजून मागच्या दांडीवर आहे आणि ते काढायला मी कुणाला हात लावू दिलेला नाही.

सकाळी भासरे अंगणात आले. एका घरात इतकी वर्षं राहून मी तुमच्या मालकांशी कधी समोरासमोर बोलले नाही. तुम्ही थोरल्या जाऊ, मी धाकटी, आणि धाकट्या सुनेनं नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलायचं नसतं. त्यामुळे त्यांचं मला आणि माझं त्यांना, सगळं तुमच्या तोंडून जायचं. तुम्ही दोन्हीकडे थोडं आपल्या पदरचं घालायच्या, तेही मला माहीत होतं. "तुया भासरा म्हने, सुनबाईच्या हातच्या वरनाले चव आहे," असं तुम्ही सांगायच्या. तो माणूस उभ्या जन्मात चवीबद्दल एक अक्षर बोललेला नाही. आता मध्ये तुम्ही नाही. ते गोठ्याशी उभे राहिले आणि आपल्या मोऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून, जसं काही त्यालाच विचारावं तसं म्हणाले, "काय म्हनाचं बा यंदा? जेवाले या, का चराले या?"

उत्तराला थांबले नाहीत. खांद्यावर फडकं टाकून धानाच्या बांधीकडे निघून गेले. प्रश्न माझ्यासाठी होता हे मोऱ्यालासुद्धा कळलं असेल.

आपल्या मुलखात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-लोण्यानं शेकायचा आणि त्याच्या कानाशी आवतन द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं, त्याला एक दिवस पाव्हण्यासारखं बोलवायचं. सगळा गाव असंच म्हणतो. आपला एकच गोठा असा, की तिथं चांद्या बैल गेल्यापासून तुम्ही दुसरंच म्हणत आलात. गाव हसला, मी हसले, भासरे कुरकुरले, पण तुम्ही शब्द बदलला नाहीत.

आणि यंदा गोष्ट नुसत्या शब्दावर थांबत नाही. या आठवड्यात पाणवठ्यावर जी जी भेटली, तिनं तिनं मला एकच सांगितलं. उद्या मोऱ्या दारी आला की बाईच्या नावानं त्याला एक घास द्यायचा. बाई जिवंत होती तोवर तिनं देऊ दिलं नाही, आता ती नाही, तर तिच्या लाडक्या बैलाला तिच्या नावानं पुरणपोळीचा घास. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कुणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरी आले आणि मोऱ्याकडे बघत बसले. सगळं गाव तुमच्यावरच्या मायेनं त्याच्या जिवावर उठलं आहे आणि मला काय करावं ते कळत नाही, बाई.

मला चांद्या पहिल्यांदा भेटला तो माझ्याच ताटात. नवी नवरी मी, गडचिरोलीच्या मास्तराची पोर, पाटावर बसून पहिला भात कालवते आहे, तोच मागच्या दारातून एक गोऱ्हा आत आला, डोकं खाली घातलं आणि माझा भात खाऊ लागला. मी किंचाळून उभी राहिले. तुम्ही चुलीपाशी बसून पोट धरून हसत होतात. "भिऊ नको वं," तुम्ही म्हणालात, "हा तुया धाकला दीर. याले उष्टं चालते."

त्याच्या आईला वाघानं रानात मारलं होतं. गुरं घाबरून गावाकडे पळाली, तेव्हा हे वासरू बांधाला अडकून राहिलं आणि तुम्ही ते पदरात घालून आणलंत. दुसऱ्या गाईचं दूध फडक्याच्या वातीनं थेंब थेंब पाजलंत. दूध पुरेना तेव्हा आपली पेज पाजलीत. तो जगला, पण आपण गुरांत मोडतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. कपाळावर पांढरा चंद्र, म्हणून चांद्या. सकाळी आंबील, दुपारी लाखोळीचं वरण आणि भात, कधी गूळ, कधी शिळी भाकर. मासे तेवढे खात नसे. तेवढा धर्म त्यानं पाळला.

मी तेव्हाही तुमच्याशी भांडले होते. माझ्या माहेरी एक गाय तांदळाच्या कण्या खाऊन फुगली आणि गेली होती. ते मी तुम्हाला सांगितलं. गुराचं पोट तणस-गवतासाठी आहे, माणसाच्या अन्नानं ते आंबतं, असंही म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुया माहेरची गाय शयरातली. नाजूक राह्यते." गडचिरोलीला शहर म्हणणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मग थोड्या वेळानं, मी विसरले असेन असं समजून, तुम्ही हळूच म्हणालात, "घरात शिजते आन् तो दाराशी उभा राह्यते, तर मले घास उतरत नाई, इंदू. मी काय करू?" जिनं एवढ्याशा जिवाला वातीनं पाजलं, तिच्याशी पोटातल्या आंबण्याबद्दल किती भांडायचं?

तुमचं सगळंच तसं. मला माहेरची आठवण येऊन जेवण जायचं नाही, तेव्हा तुम्ही ताट घेऊन माझ्यामागे अंगणभर फिरायच्या. जेवू घालणं हेच तुमचं बोलणं होतं.

तो पोळा मला अजून दिसतो. चांद्या जोताला लागून दोन हंगाम झालेले. शिंगांना बेगड, पाठीवर तुम्ही शिवलेली झूल, जोडीला आपला पांढऱ्या. झडत्यांची गाणी म्हणून झाली, तोरण तुटलं आणि बैल घरोघर निघाले. बैल दारी आला की पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि घास द्यायचा. कोणताही बैल एखादा तुकडा चघळतो आणि पुढे जातो. पांढऱ्यानं तर दर दारी पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं. आम्ही बाया म्हणालो, किती माजोरी आहे. चांद्या मात्र सगळ्यांचा. तो माणसासारखा जेवतो हे गावाला माहीत होतं, त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक घरी निराळी पोळी ठेवलेली, वर गूळ, कुठे वाटीभर पुरण, कुठे खीर, कुठे शिजवलेली ज्वारी. कुणी "खा रे जावया" म्हणत होतं. तुम्ही रीत सोडून बैलांच्या मागे मागे चालत होतात आणि दर दारी तुमचा चेहरा फुलत होता. "माया चांद्या कोनाले नाई म्हनत नाई," असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. शेवटची पोळी कोंडाबाईची. तलावाच्या पाळीवर एकटी राहणारी, नवरा आणि जाळं दोन्ही पाण्यात गमावलेली. तिनं तीही अर्धी आपल्यासाठी ठेवली नव्हती, अख्खी दिली.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत गावभर हिंडत होती आणि आपल्या गोठ्यात चांद्या आडवा पडला होता. डावी कूस ढोलासारखी ताणलेली. दात कराकरा वाजवत होता, रवंथ बंद. जवसाचं तेल पाजलं, तोंडात आडवी काडी बांधली, पुरुषांनी उठवून चालवायला पाहिलं, पण तो पाय टाकेना. कुणी मीठ-मोहरी उतरवली. तालुक्याला ढोरांचा डॉक्टर येणार म्हणून पहिल्या मतदानाच्या वेळी सांगून गेले होते. तो आला असेल तरी वैनगंगेच्या पुराच्या पलीकडे होता. तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याला एकच विचारत होतात, "काय झालं रे बापा? कुठी दुखून राह्यलं तुले?" दिवस कलला तेव्हा तो गेला.

आणि लगेच कुजबुज सुरू झाली. अंगणात अर्धं गाव जमलेलं. कुणीतरी म्हणालं, काल धडधाकट होता, एका दिवसात बैल असा जात नाही. दुसरं म्हणालं, शेवटचा घास कोनाचा होता? मग नाव घेतलं गेलं. कोंडाबाई तिथंच होती, कुंपणाशी. एकट्या बाईवर करणीचा आळ आला की पुढे काय होतं ते आपण दोघींनी शेजारच्या गावात पाहिलं होतं. तिच्या तोंडावरचा रंग उतरलेला मला दिसला. पुरुष एकमेकांकडे बघू लागले होते.

तुम्ही तोवर रडत होतात. चांद्याचं तोंड उघडून तुम्ही त्यात नाक खुपसलंत. मला वाटलं, मुका घेता आहात. मग तुम्ही मान वर केली आणि तुमच्या डोळ्यांतलं पाणी एकदम थांबलेलं होतं. तुम्ही उठलात. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तुम्ही तो सावरला नाहीत. भासरे, सासरे, गावचे मोठे, सगळ्यांसमोर तुम्ही बोललात.

"या इथी, हुंगा याचं तोंड. आंबलेल्या पुरनाचा वास येऊन राह्यला. कोनं काई केलं नाई माया चांद्याले. समद्यायनं जेवू घातलं. तुमी घातलं, मी घातलं. कोंडाबाईच्या आंगनात कोनी जाईल तर आधी माया आंगनातून जाईल."

मग एकेक जण टोपी झाडत निघून गेला. बाई, मी तुम्हाला चतुर, भोळी, हट्टी, काय काय समजत आले. त्या संध्याकाळी मला कळलं की मी कुणाच्या घरात सून म्हणून आले आहे. दुसरी कुणी असती तर दुसऱ्याचं नाव पुढे होतं तेवढं तरी राहू दिलं असतं. तुम्ही आपलं दुःख कुणावर टाकलं नाहीत, आणि त्यापायी एका बाईचं जगणं वाचलं. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

पुढच्या खांदशेकणीला मोऱ्या लहान गोऱ्हा होता, आपल्याच तांबड्या गाईचा. तुम्ही त्याच्या कानाशी वाकलात आणि म्हणालात, "आज आवतन घ्या, उद्या चराले या." मला वाटलं, जीभ घसरली. मी मोठ्यानं हसले. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तुम्ही विळा घेऊन तलावाच्या पाळीवर गेलात, कोवळं गवत कापलंत, त्याच्या जुड्या बांधल्यात आणि घरोघर नेऊन दिल्यात. "आमचा गोऱ्हा आला का हे देजा. दुसरं नोको." दारी आलेल्या बैलाला रिकामं पाठवणं पाप, हे तुम्हाला कळत होतं. म्हणून दुसऱ्याच्या दारचा घाससुद्धा तुम्हीच आधी पोचवून आलात. गावात म्हणू लागले, या बाईचा बैल आपलं जेवण बांधून फिरतो. काही घरी राग आला. सणाचा घास परत करणं म्हणजे ते घरच नाकारणं. एकट्या कोंडाबाईनं काही न विचारता जुडी घेतली आणि डोळे पुसले.

तिथून तुमची कडक राजवट सुरू झाली. आपल्या कुत्र्याला कांदा घातलेलं कालवण बंद, कोंबडीची हाडं बंद, कारण ती घशात रुततात. कोंडाबाईचा राघू पोरांनी दिलेले खारट पापड खायचा, तिथं जाऊन तुम्ही पोरांना दटावून आलात. बकरीच्या पिल्लाला उरलेला भात घालणारीला तुम्ही रस्त्यात गाठायच्या. मी म्हणायची, बाईच्या राज्यात मुंगीलाही साखर विचारूनच खावी लागते. तुम्ही हसायच्या, पण विळा खाली ठेवायच्या नाहीत. आणि स्वतः पुरण खाणं सोडलंत. सणाला आमच्यासाठी पोळ्या लाटायच्या, आमच्या ताटात वाढायच्या, तूप सोडायच्या आणि स्वतः वरण-भात घेऊन बसायच्या. मी एकदा तुमच्या तोंडाशी घास नेला. तुम्ही माझा हात हळूच खाली केलात.

मला ते पटलं नाही, बाई. अजूनही पुरतं पटलेलं नाही. गेल्या पोळ्याला आपलं जे भांडण झालं ते तसंच अर्धवट राहिलं आहे. मी म्हणाले, "एका घासानं काय होते? शकुनाचा असते. तुमी चांद्याची शिक्षा मोऱ्याले देऊन राह्यल्या." तुम्ही गवत कापत होतात. मान वर न करता म्हणालात, "एकेकच घास देल्ला होता समद्यायनं."

मी जुड्या बांधत बसले. खूप वेळानं, पाळीवरून घरी येताना, भारा डोक्यावर असताना तुम्ही पुन्हा बोललात. "शिक्षा नाई वं. मले माया हाताचंच भेव लागते." तेवढंच. आणि पुढे चालू लागलात.

त्याचं उत्तर मला आज सुचतं आहे, नेहमीप्रमाणे उशिरा. मी म्हणायला हवं होतं की, बाई, याच हातानं तुम्ही त्याला वातीनं दूध पाजलं होतं, नाहीतर तो बांधाजवळच मेला असता. आणि चांद्याच्या नंतरच्या वर्षी माझं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा गावभरच्या बाया मला लाडू घेऊन आल्या, शिरा घेऊन आल्या, मला नुसत्या वासानं उलटी येत होती. तुम्ही सगळं बाहेर ठेवलंत आणि मिठाची पेज घेऊन आलात. माझ्यामागे अंगणभर फिरणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी वाटी माझ्या हाताशी ठेवून नुसत्या बसून राहिलात. मी दोन घोट घेतले तेव्हा आणखी घे म्हणाला नाहीत. त्या हातांना भ्यायचं कारण नव्हतं. मी तर त्यांच्याच जोरावर उठून बसले.

तुमच्या आजारात आम्ही सगळे ते विसरलो. ताप उतरेना, तुमचं अंग काडी झालं, आणि जो तो काहीतरी घेऊन येत होता. कुणी तुपातला शिरा, कुणी मोहाच्या फुलांचे लाडू, कुणी नदीपलीकडून आणलेला पेढा. "थोडं खा वं बाई, ताकत येईल." मीही त्यांच्यातच होते. शिऱ्याचा चमचा घेऊन मी तुमच्या उशाशी बसले होते आणि एवढा घास, एवढाच घास, म्हणत होते. तुम्ही डोळे उघडलेत. आवाज नव्हता, पण ओठांच्या कोपऱ्यात तुमचं ते हसू होतं.

"मायाबी चांद्या करता का वं?"

मी चमचा खाली ठेवला. हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मग मी पेज केली, मिठाची. तुम्ही थोडी घेतलीत. आणखी घ्या, असं मी म्हटलं नाही. नंतर तुम्ही बोलला नाहीत फारसं. त्यामुळे माझ्याशी तुम्ही शेवटचं जे काय बोललात ती चेष्टाच. मला त्याचं वाईट वाटत नाही. आपलं सगळंच तसं होतं.

तर आज दुपारी, बाई, मी विळा घेतला आणि पाळीवर गेले. ठरवून नाही गेले. लोणी काढून झालं, भाकरी झाल्या आणि पाय तिकडे वळले. तुमच्याइतकं झरझर गवत मला कापता येत नाही. बोट कापून घेतलं. बसून बसून कंबर मोडली. गवत कापताना मी तुमच्याशी भांडतच होते, की हे काय माझ्या गळ्यात घालून गेलात, आणि एकेक जुडी बांधत होते. एकेकीच्या दारी गेले. "उद्या बाईच्या नावानं घास द्याचा आहे ना," मी म्हणाले, "मंग हा द्या. तिच्या हातचा हाच होता." काहींनी तोंड वाकडं केलं. एक म्हणाली, "बाई गेली आन् आपली चाल इच्या अंगात ठेवून गेली." काहींनी जुडी घेतली आणि ओट्यावर पाणी शिंपडून ठेवली, सुकू नये म्हणून. उद्या कोण काय करील ते मला माहीत नाही. मी बैलांच्या मागे मागे चालणार आहे, एवढं ठरवलं आहे. पदर घसरला तर घसरू दे.

कोंडाबाईकडे सगळ्यात शेवटी गेले. तिच्याजवळ आधीच कापून ठेवलेलं गवत होतं, तलावाच्या काठचं, धुतलेलं. पण चुलीवर डाळही शिजत होती. ती म्हणाली, "गवत मोऱ्याले देतो. मले ठाऊक आहे. पन बाईच्या नावानं एक पोळी तरी केली पायजे ना मले, इंदू? माया जीव तिनं राखला. तुमच्या घरी तर यंदा पुरन शिजत नाई. ते कोनाले देऊ मी?"

मी म्हटलं, मले दे.

आता ऊन उतरलं आहे. थोड्या वेळापूर्वी खांदे शेकले. भासऱ्यांनी दावं धरलं होतं, तोंड दुसरीकडे. मी पळसाच्या पानानं मोऱ्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं. जिथं जू घासतं तिथं केस गेले आहेत, तिथं जरा जास्त लावलं. खरंच लोणी कमी पडलं, बाई. मग त्याच्या कानाशी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी भासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. "आज आवतन घ्या, उद्या चराले या." मोऱ्यानं कान झाडला. भासरे पांढऱ्याकडे गेले, त्या म्हाताऱ्या माजोऱ्याच्या मानेवर हात ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या चराले या." इतकी वर्षं तुमच्यावर कुरकुरले, आणि आज म्हणाले. तुम्ही ऐकायला हवं होतं.

कोंडाबाईची पोळी उद्या सकाळी येईल. ती मी पळसाच्या पानावर ठेवीन, मागच्या दारी, जिथं चांद्या उभा राहायचा आणि चौकट अजून त्याच्या अंगानं झिजलेली आहे. तूप सोडीन. कावळ्याला पुरण बाधतं का, ते तुमचं तुम्ही बघा. चांद्या गेल्यापासून तुम्ही या घरात एवढ्या पोळ्या लाटल्या आणि एकीचा तुकडा तोंडात घातला नाहीत. मोऱ्याचं मी बघीन. कुत्र्याचं बघीन, राघूचं बघीन, मुंगीचंही बघीन. आता तुम्हाला कुणाचं भय नको, आपल्या हाताचं तर नकोच. मी घास पुढे करणार नाही. पान ठेवीन आणि जवळ बसून राहीन.

बाई, आज आवतन घ्या. उद्या जेवाले या.